पाणी घातलं होतं

बाबांनी गाडीत पाणी घातलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण एकोणीस दिवस आमच्या घरात कुणीच ते मानलं नाही, आणि न मानणाऱ्यांमध्ये मीही होते.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली, जुनीच, आणि तिला ते बसपेक्षा जास्त जपत. रोज सकाळी दात घासून झाले की खाली जाऊन बॉनेट उघडायचे. तेलाची पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची, उजेडात धरायची. मग पाण्याची बाटली. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत दिसतं. बाटलीवर दोन रेघा असतात. पाणी वरच्या रेघेला असलं की बाबा ‘हं’ म्हणत आणि बॉनेट आपटत. मी त्या आवाजाने जागी व्हायचे.

गाडीला काम एकच होतं. दुपारी साडेतीनला भिंगरीला शाळेतून आणायचं. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी, वय वर्षं सात, एका जागी अर्धं मिनिट टिकत नाही. दादा आणि वहिनी दोघंही नोकरी करतात आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या खाली, पहिल्या मजल्यावर, बाबा आणि मी. बाबा दोनपासून तयार असत. इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमाल, हातात किल्ली. शाळा वीस मिनिटांवर होती.

उन्हाळा सुरू होताना रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळाली. बाबांनी गाडी वायसरकाकांकडे नेली. वायसरकाका बाबांच्या डेपोतले मेकॅनिक. त्यांचं खरं नाव आता बहुधा त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. गाडीत कुठेही खडखड झाली की ‘नटाखाली एक वायसर टाकला की झालं’ म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना वायसर म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यांनी पंख्याला नवी मोटर बसवली आणि बाबा शीळ घालत घरी आले.

त्यानंतर गाडी तापायला लागली. मोकळ्या रस्त्यावर काही नाही. तापमानाचा काटा शहाण्यासारखा निम्म्यावर. पण सिग्नलला खोळंबली किंवा शाळेच्या गल्लीत रांगेत उभी राहिली की दहा मिनिटांत काटा वर. बाबा तीनदा वायसरकाकांकडे गेले. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, रेडिएटर आतून धुऊन काढला. प्रत्येक वेळी इंजिन चालू ठेवून पंखा बघितला. पंखा फिरत होता.

‘वायसर, गाडी उभी असली की एसीसुद्धा गरम हवा टाकतो रे,’ बाबा म्हणाले होते.

‘ड्रायव्हर, उन्हाळा आहे. मीसुद्धा गरम हवाच टाकतोय.’

गॅरेजमधले सगळे हसले. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मीही हसले. ते वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. उभ्या गाडीत इंजिन तापतं आणि एसीही थंड होत नाही, म्हणजे दोन्हींच्या जाळ्यांतून हवा जात नाही. यासाठी फार शिकावं लागत नाही. मी तर शिकले होते.

मग तो मंगळवार आला. शाळेच्या रस्त्यावर खोदकाम निघालं आणि गाड्या पाऊण तास जागच्या हलल्या नाहीत. बाबांनी काटा चढताना पाहिला. एसी बंद केला, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं, आणि हे सगळं बरोबर होतं. तरी बॉनेटच्या फटीतून वाफ आली. त्यांनी इंजिन बंद केलं, भिंगरीला उचलून फुटपाथवर नेऊन बसवलं आणि परत गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मागच्यांनी हॉर्नवरचे हात काढले नाहीत. एकाने खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, ‘आजोबा, झेपत नाही तर घरी बसा ना!’

हे वाक्य आम्हाला भिंगरीने घरी करून दाखवलं. आवाजासकट. तिला ते फार आवडलं होतं. बाबा खुर्चीत बसून पायातले बूट काढत होते. त्यांनी दुसरा बूट काढायला बराच वेळ लावला.

दादा ऑफिसमधून थेट तिकडे गेला होता आणि त्याने या दोघांना रिक्षाने पुढे पाठवलं होतं. दुसऱ्या गाडीला दोर बांधून त्याने आमची गाडी घरी ओढत आणली, आणि सगळ्यांना खाली बोलावून आवारात बॉनेट उघडलं. पाण्याची बाटली रिकामी होती. तळाशी हिरवा डाग तेवढा.

‘बाबा, पाणी बघितलं होतं?’

‘घातलं होतं.’

‘कधी?’

‘सकाळी. रोज सकाळी बघतो मी.’

‘रोजचं नाही विचारत. आजचं विचारतोय.’

‘आज घातलं होतं.’

‘मग गेलं कुठे? प्यायलं कुणी?’

दादाने वायसरकाकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. ‘बाटली रिकामी?’ काका म्हणाले. ‘मग झालं की. पाणीच नसेल तर इंजिन तापणार नाही तर काय करणार? पंखा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. जाऊ दे, वय होतं माणसाचं. ओरडू नकोस त्याला.’

ते ‘ओरडू नकोस त्याला’ बाबांनीही ऐकलं.

मग दादा माझ्याकडे वळला. ‘तू सांग. तू शिकलीस हे सगळं.’

मी पदार्थविज्ञान शिकले. नोकरी एका प्रयोगशाळेत आहे. तिथे दवाखान्यांचे आणि कारखान्यांचे थर्मामीटर येतात. ते खरं बोलतात की खोटं हे आम्ही तपासतो आणि तसा कागद सही करून देतो. एखादं उपकरण चुकीचं आहे असं लिहिण्याआधी आम्ही ते किमान तीनदा मोजतो. त्या संध्याकाळी मी रिकाम्या बाटलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘बाबा, एखाद्या दिवशी राहूनही जातं.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने परत दिलेली किल्ली बॉनेटच्या कडेवर ठेवली आणि ते जिना चढून आत गेले.

*

भिंगरीला शाळेची व्हॅन लागली. ती साडेचारला यायची. बाबा साडेतीनला खिडकीत येऊन उभे राहत.

चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘गॅस मी बंद केला ना ग?’ केला होता. सहाव्या दिवशी परत विचारलं, आणि मी हो म्हटल्यावरही स्वयंपाकघरात जाऊन बटणावर बोट ठेवून आले. दहाव्या दिवशी तर ते बाथरूमच्या दारात उभे होते, केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि ते मला विचारत होते, ‘मी आंघोळ केली का?’

‘बाबा, केस ओले आहेत तुमचे.’

‘हो,’ ते केसांना हात लावून म्हणाले. ‘केली असणार.’

दादा मला जिन्यात म्हणाला, ‘बघितलंस? मी म्हणत नव्हतो? डॉक्टरला दाखवायला हवं.’ वहिनीने एका चांगल्या डॉक्टरांचा नंबर आणला. सगळे मायेनेच वागत होते. त्या मायेची मला आता इतकी चीड येते की ती आठवली तरी दात आवळले जातात. त्यांच्या विसरण्याचा शोध आम्ही लावला होता, आणि आमचा शब्द खाली पडू नये म्हणून ते मुकाट्याने विसरायला लागले होते. सकाळी बॉनेटचा आवाज येत नव्हता. मला कामावर पोहोचायला दोनदा उशीर झाला.

तिसऱ्या आठवड्यात दादाने गाडीला गिऱ्हाईक शोधलं. माणूस रविवारी येणार होता. ‘शनिवारी तुला सुट्टी आहे,’ दादा मला म्हणाला, ‘एकदा वायसरकाकांकडे नेऊन सगळं ठीकठाक आहे ना ते बघून ये. त्याच्यासमोर बंद पडायला नको.’

बाबा तिथेच पेपर वाचत होते. पान उलटलं, एवढंच.

*

शनिवारी सकाळी मी स्वतः रेडिएटर भरला आणि बाटलीत पाणी घातलं. वरच्या रेघेपर्यंत. सवयीप्रमाणे मोबाइलवर फोटो काढला, त्यावर वेळ येते. नऊ वाजून बारा मिनिटं.

शाळेच्या रस्त्यावरचं खोदकाम तसंच होतं. मी रांगेत अडकले. काटा निम्म्यावर होता. सहा मिनिटांनी तो निम्म्याच्या वर होता. नऊ मिनिटांनी लाल पट्ट्याच्या जवळ. मी एसी बंद केला, हीटर सोडला, काचा उतरवल्या. तोंडावर भट्टीची हवा आली आणि तरीही काटा वर गेला. म्हणजे जे बाबांनी केलं ते मी केलं आणि जे बाबांचं झालं ते माझं झालं. फरक इतकाच होता की मी बेचाळीस वर्षांची होते, आणि मला कुणी डॉक्टरकडे नेणार नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून आधी बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता. चांगला जोरात. मी गाडीच्या तोंडासमोर, पुढच्या जाळीला लागून उभी होते, आणि माझ्या गुडघ्यांवर गरम हवा येत होती.

मला ते समजायला दोन-तीन सेकंद लागले. हवा माझ्याकडे यायला नको होती. रेडिएटर पुढे असतो, पंखा त्याच्या मागे, आणि पंख्याचं काम बाहेरची थंड हवा जाळीतून आत ओढायचं. हा पंखा इंजिनाची गरम हवा उचलून रेडिएटरमधून बाहेर फेकत होता. गाडी धावत असली की समोरचा वारा त्याला हरवायचा. गाडी उभी राहिली की त्याचं राज्य.

मी इंजिन बंद केलं. बाटलीत पाणी खदखदलं, झाकणाखालून बाहेर उसळलं आणि डांबरावर सांडलं. वाफ झाली. मागून एक जण ओरडला, ‘मॅडम, गाडी येत नाही तर रिक्षा करा!’ मी त्याला उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याने काच वर घेतली.

मग मी तिथे चाळीस मिनिटं उभी राहिले, कारण मला शेवट बघायचा होता. इंजिन थंड होत गेलं तसं रेडिएटरने बाटलीत उरलेलं पाणी परत ओढून घेतलं. बोटाबोटाने पातळी उतरली. दहा वाजून वीस मिनिटांनी बाटली रिकामी होती. तळाशी हिरवा डाग तेवढा.

पाणी नव्हतं म्हणून इंजिन तापलं नव्हतं. इंजिन तापलं म्हणून पाणी गेलं होतं. परिणाम डोळ्यांसमोर होता आणि आम्ही त्यालाच कारण म्हणून एका माणसाच्या गळ्यात बांधलं होतं. ही चूक पहिल्या वर्षाच्या मुलाने केली असती तर त्याची वही परत आली असती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि तिथे जाऊन ती आग विझली नाही, बसली.

मी दुकानातून पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या, रेडिएटर भरला आणि गॅरेज गाठलं.

*

वायसरकाका एका गाडीखालून सरपटत बाहेर आले. ‘ये पोरी. ड्रायव्हर कसा आहे?’

‘पंखा उलटा फिरतोय,’ मी म्हणाले.

‘चहा घेणार?’

‘काका, पंखा उलटा फिरतोय.’

त्यांनी हात पुसले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला. त्यांनी दोन्ही हात पंख्याकडे पसरले.

‘फिरतोय हे मलाही दिसतंय. कुठल्या बाजूने ते सांगा.’

‘पंखा काय, वाटेल तसा फिरतो?’ ते कामावरच्या दोघांकडे बघून हसले. ‘घरातला पंखा कुठल्या बाजूने फिरतो ते बघतेस का कधी? वारा आला की झालं.’

‘घरातल्या पंख्याचा वारा वर छताला गेला तर बघेन.’

दोघांपैकी एक जण खुदकन हसला आणि लगेच पान्यांच्या पेटीत डोकं घालून बसला.

मी काउंटरवरच्या पेपराचं अर्धं पान फाडलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर धरून सोडलं. ते उडून माझ्या पायाशी पडलं. परत धरलं, परत पडलं.

‘वारा आहे बाहेर,’ काका म्हणाले.

बाजूला एक निळी गाडी दुरुस्त होऊन उभी होती. ‘ही चालू करा,’ मी म्हणाले. त्यांनी केली नाही. मीच आत बसून केली, एसी लावला, पंखा सुरू होईपर्यंत थांबले आणि तेच पान तिच्या जाळीवर ठेवून हात काढला. पान तिथेच राहिलं. चिकटवल्यासारखं.

वायसरकाका त्या पानाकडे बघत राहिले. मग ते आमच्या गाडीकडे गेले, इंजिन बंद केलं आणि पंख्याच्या वायरवरची काळी टेप नखाने सोलली. जुन्या मोटरचा प्लग नव्या मोटरला बसत नव्हता, म्हणून त्यांनी तो कापून टाकला होता आणि वायरींना वायरी पिळून जोडल्या होत्या. निळीला निळी, काळीला काळी.

‘रंगाला रंग लावलाय,’ ते म्हणाले. ‘तीस वर्षं रंगाला रंगच लावतोय मी.’

‘गाडीकडून येणारी निळी प्लस आहे. या मोटरची निळी मायनस आहे, म्हणून ती उलटी फिरते. दुसऱ्या कंपनीची मोटर आहे ही.’

‘डेपोत असं नव्हतं.’

‘डेपोत सगळं एकाच कंपनीचं यायचं.’

त्यांनी दोन्ही जोड सोडवले आणि उलटे करून पिळले. टेप लावली. सहा मिनिटांचं काम. मी पान जाळीवर ठेवलं; ते चिकटलं. मी घड्याळ लावलं आणि पंचवीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली, एसीसकट. काटा निम्म्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. एसीतून थंड हवा आली.

काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आवाज खाली आणला. ‘पोरी, ड्रायव्हरला एवढं सगळं सांगायची गरज नाही. फ्यूज उडाला होता म्हण. काय होतं, मित्र आहे माझा. त्याला वाईट वाटेल.’

‘त्यांना काय वाटतं ते मी एकोणीस दिवस बघतेय,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि मला तो खाली आणायचा नव्हता. ‘ते मला विचारतात आंघोळ केली का. अंगावरून पाणी गळत असताना विचारतात. तुम्ही फोनवर म्हणालात वय झालं त्यांचं. डोळ्यांनी बघितलाय म्हणालात पंखा. चला.’

‘कुठे?’

‘घरी. तुम्हीच सांगा.’

‘कपडे तरी बदलू दे.’

‘नको.’

*

दारात वायसरकाकांनी चपला काढल्या, पण आत आले नाहीत. फरशीला तेल लागेल म्हणाले. दादा आमच्याकडेच होता, गाडीचे कागद शोधत. बाबा खुर्चीत.

‘ड्रायव्हर,’ काका म्हणाले, ‘ती पंख्याची वायर उलटी लागली होती.’

‘लागली होती?’

काकांनी चौकटीवर हात ठेवला. ‘लावली होती. मी. पंखा उलटा फिरत होता. उभ्या गाडीत तापणारच.’

‘आणि पाणी?’

‘पाणी होतं.’

बाबांनी मान हलवली. एखाद्याने किती वाजले ते सांगितल्यावर हलवावी तशी. काका अजून काहीतरी बोलणार होते, पण बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते. काका चपला घालून निघून गेले.

‘चला, बरं झालं सापडलं,’ दादा कागद सरळ करत म्हणाला. ‘उद्या किंमतही नीट येईल.’

मी जे बोलले ते मला सगळं आठवत नाही, मला, जिची स्मरणशक्ती शाबूत आहे. एवढं आठवतं की हातातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मी जमिनीवर आपटल्या आणि त्यांचा प्लास्टिकचा हलका, हास्यास्पद आवाज झाला. ‘उद्या कुणी येणार नाही,’ मी म्हणाले. ‘फोन करून सांग त्याला. आत्ता.’

‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आज वायर होती, उद्या दुसरं काही होईल. माझी मुलगी असते त्या गाडीत!’

‘तुझ्या मुलीला त्या दिवशी आधी उचलून बाजूला कुणी नेलं? ओरडणाऱ्याने? की तुझ्या त्या वायसरने?’

‘मी वाईट हेतूने म्हणतोय का? आज ना उद्या गाडी सोडायचीच आहे त्यांना. हे निमित्त झालं.’

‘निमित्त खोटं होतं, दादा!’

‘पण आंघोळीचं? ते पण वायरमुळे?’

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण बाबांसमोर ते मांडायचं म्हणजे परत त्यांना टेबलावर ठेवून दोघांनी मोजायला बसायचं. मी थांबले.

बाबा उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्यांनी माझ्यासमोर हात पसरला. किल्ली माझ्या खिशात होती.

‘बाबा, आज राहू द्या,’ दादा म्हणाला.

बाबांनी हात तसाच ठेवला. मी किल्ली दिली.

‘चल,’ ते मला म्हणाले.

मला वाटलं, मला बक्षीस मिळालं.

*

ते गाडी सरळ खोदकामाच्या रस्त्यावर घेऊन गेले. मोकळा रस्ता डावीकडे होता. त्यांनी मुद्दाम तो सोडला. आम्ही रांगेत अडकलो. पुढे मालाचा ट्रक, मागे बस. काटा निम्म्यावर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाबा आरशात बघत होते, पुढे बघत होते, अधूनमधून ब्रेकवरचा पाय सैल करत होते. काट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

‘बघा, हलत नाही,’ मी म्हणाले.

‘हं.’

पंधरा मिनिटं झाली. ट्रक गाडीभर पुढे सरकला, बाबा सरकले.

‘काटा बघतेस?’ त्यांनी विचारलं.

‘हो. एकदा खात्री झाली की—’

‘काटा नाही बघत तू. माझे हात बघतेस.’

खरं होतं. आवारातून बाहेर पडल्यापासून मी बघत होते: इंडिकेटर दिला का, गिअर बरोबर पडला का, त्या सायकलवाल्याला पाहिलं का. सगळं बरोबर होतं, आणि मी प्रत्येकावर मनात खूण करत होते.

‘दादाचं ठीक आहे,’ बाबा समोर बघत म्हणाले. ‘त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. वायसर गाढव आहे. डेपोतही गाढवच होता. तू का तसं म्हणालीस?’

‘बाटली रिकामी दिसली.’

‘मीही तिथेच उभा होतो.’

मागच्या बसने हॉर्न वाजवला. काही कारण नव्हतं. पुढे ट्रक होता.

‘चुकलं माझं, बाबा.’

‘मला त्या दिवशी माझंच खरं वाटत होतं,’ ते म्हणाले. ‘तू बोललीस आणि मग नाही वाटलं. तू उगाच बोलत नाहीस ना, म्हणून.’ त्यांचा आवाज वाढला नाही. ‘तीन आठवडे मी सकाळी उठून विचार करतोय की घातलं होतं की नव्हतं. डोळे मिटले की बाटली दिसायची, पाणी दिसायचं, आणि मी स्वतःलाच म्हणायचो, हे कालचं असेल. कालचं! समजतंय तुला?’

मी मान हलवली. त्यांनी ती बघितली नाही.

‘उतर,’ ते म्हणाले.

‘इथे?’

‘गाडी उभीच आहे.’

‘बाबा, रस्त्याच्या मधोमध—’

‘उतर. मला एकट्याला जायचंय.’

‘कुठे?’

‘ते विचारायचं नाही, म्हणूनच उतर म्हणतोय.’

मी पट्टा सोडला आणि उतरले. बस आणि गाडीच्या मधून अंग चोरत फुटपाथवर आले. बसच्या ड्रायव्हरने मला हाताने काहीतरी विचारलं. तेवढ्यात रांग सुटली. बाबांनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, ट्रकच्या बाजूने सफाईने बाहेर पडले आणि चौकातून वळले. घराच्या दिशेने नाही, दुसरीकडे.

घरी चालत यायला मला पस्तीस मिनिटं लागली. दादा फाटकात उभा होता.

‘बाबा कुठे आहेत?’

‘गेलेत.’

‘कुठे?’

‘माहीत नाही.’

‘एकटे? तू जाऊ दिलंस त्यांना?’

‘मी कोण जाऊ देणार?’

‘मोबाइल तरी नेलाय का?’ असं म्हणतच त्याने स्वतःचा फोन काढला आणि नंबर शोधायला लागला. ‘गाडी चालवताना उचलतील तरी की...’

मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. त्याने तो परत मागितला, आधी हसून, मग ओरडून. मी दिला नाही.